चाखलेलं मोजत नाहीत

ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आजवर मारलेल्या माझ्या सगळ्या थापा लोकांनी मुकाट्यानं गिळल्या. ही एकच सांगायला लागलो की ऐकणाऱ्याच्या भुवया वर चढतात.

तरी मी ती दर महिन्याला सांगतो. जागाही ठरलेली आहे. हृदयाच्या दवाखान्यात वजनाच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे, त्याची डावीकडची कड माझी. आमच्या घरची माणसं आत गेली की मला अर्धा तास मिळतो आणि नशिबानं एखादा नवा माणूसही मिळतो. नवा लगेच कळतो. त्याच्या हातात 'मीठ कमी करा' असं छापलेला कागद असतो आणि चेहरा नापास झालेल्या पोरासारखा असतो.

या खेपेला एक शिंपी होता. पाय टम्म सुजलेले, चपलांचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले. शेजारी त्याची लेक. कागदाची त्यानं चार वेळा घडी घातली होती आणि पाचवी घालायचा प्रयत्न चालू होता.

"बिनमिठाचं जेवायचं तर मग जगायचं कशाला?" तो भिंतीला म्हणाला.

"बाबा, हळू बोला," लेक म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "माझे दाजी याहून मोठ्यानं ओरडले होते. इतकं, की शेजारच्या वॉर्डातला एक बेशुद्ध माणूस उठून बसला."

शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं. भुवया वर. म्हणजे सुरुवात झाली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कँटीनचे मुख्य आचारी. मी त्यांच्याच हाताखाली वाढपी. सहाशे माणसं, जेवायच्या तीन पाळ्या, आणि त्यातली निम्मी भट्टीवरची. भट्टीसमोर आठ तास उभा राहिलेला माणूस घामातून जेवढं मीठ घालवतो तेवढं सूपातून परत मागतो. सूपात मीठ कमी पडलं तर ते वाडगा आपटायचे. जास्त झालं तर वाढप्याच्या अंगावर ओतायचे. माझ्या एका शर्टाची बाही अजून पिवळी आहे.

पण अशी वेळ तीस वर्षांत फार तर दोनदा आली, कारण दाजींची जीभ. तसली जीभ मी दुसरी पाहिली नाही. सूप तोंडात घेतलं की ते डोळे मिटायचे आणि कांदा कोणत्या सुरीनं चिरला ते सांगायचे. एकदा म्हणाले, "आज बटाटे सोलणारीचं घरी भांडण झालंय." विचारलं तर खरंच झालं होतं.

"थाप," शिंपी म्हणाला.

"ही नाही. थाप पुढे येईल तेव्हा सांगेन."

मी तसा गोष्टी मीठमिरची लावून सांगतो. या बाकावर मात्र फक्त मिरची लावतो, मिठाला इथे परवानगी नाही.

तर अशा या माणसाचं हृदय थकलं. तुमच्या हृदयाबद्दल सिस्टरनी तुम्हाला जे सांगितलं असेल तेच: पंपाचा जोर गेला की पाणी मागे तुंबतं. आधी पायांत, मग पोटात, मग छातीत. आणि मीठ पोटात गेलं की ते पाण्याला धरून बसतं, सोडतच नाही. दाजींच्या नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडायचा. मी एकदा त्या खड्ड्यात शर्टाचं बटण ठेवलं. सकाळी ठेवलेलं दुपारच्या चहापर्यंत तिथंच!

"किती भोकांचं?" शिंप्यानं विचारलं.

"चार."

"चार भोकांचं असेल तर राहील," तो गंभीरपणे म्हणाला, आणि त्याच्या लेकीनं त्या दिवशी पहिल्यांदा हसून घेतलं.

एका वर्षात दाजी चार वेळा दवाखान्यात. आडवं झोपता येईना, तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे. दर वेळी पाण्याच्या गोळ्या, दर वेळी वजन उतरायचं, दर वेळी घरी. घरी आले की तीन आठवड्यांत वजन पुन्हा चढायला लागायचं. चौथ्या वेळी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं की समजावं. म्हणाले, "पाचव्या वेळेला तुम्ही इथवर पोचालच याची मी खात्री देत नाही." मग माझ्या बहिणीकडे वळून म्हणाले, "घरात मीठ जातंय. कुठून जातंय ते बघा."

आता माझी ताई कशी, ते सांगतो. तीन महिने तिनं घरात मिठाचा खडा ठेवला नव्हता. मिठाची बरणी उचलून शेजारणीला देऊन टाकली. दाजींना आळणी, म्हणून स्वतःही आळणीच खायची, मुकाट्यानं, त्यांच्यासमोर बसून. दाजी ताट सरकवून म्हणायचे, "भिंत चाटल्यासारखं लागतंय." ती म्हणायची, "भिंतीला लिंबू पिळू का?" पण डॉक्टरांच्या त्या वाक्यानंतर तिचं हे बोलणंही थांबलं. परगावच्या मुलानं फोनवर विचारलं, "आई, तू दया म्हणून घालत नाहीस ना थोडं?" शेजारीण विचारायची, "चुकून पडत असेल का हो?" वजनाचा काटा वर गेला की सगळे तिच्या हातांकडे बघायचे.

मीही बघितलं. एवढं खरं सांगतो, कारण मला ते अजून टोचतं.

"मग कोण घालत होतं?" लेकीनं विचारलं.

"थांब. आधी चिमूटबाई येऊ दे."

चिमूटबाई म्हणजे इथल्या मोठ्या सिस्टर. हे नाव पेशंटांनी पाडलेलं, कारण प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा: "किती चिमूट?" बुटक्या, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. पिशवीत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि कडीत ओवलेले मापाचे चमचे. त्या कॉरिडॉरमधून आल्या की चमचे वाजायचे आणि बाकावरचे पेशंट खिशातली खारी बिस्किटं पटापट तोंडात टाकून पुरावा नष्ट करायचे. त्यांचे कान असे होते, की पेशंट दारात यायच्या आधी नुसत्या चालण्याच्या आवाजावरून सांगायच्या, "दोन किलो वाढले. लोणचं?" आणि लोणचंच असायचं.

"ही ती थाप?"

"जवळपास. पण पुढचं खरं आहे." लोकांना आळणी खायला सांगायच्या आधी त्या स्वतः दोन महिने आळणी जेवल्या होत्या. घरचे हसले, नवरा वेगळं ताट मांडायला लागला, तरी जेवल्या. कोणी तरी विचारलं, कशाला हा उपद्व्याप, तर म्हणाल्या, "पहिला आठवडा रडवतो, दुसरा राग आणतो, सहाव्यात जीभ बदलते. हे मी पुस्तकातून सांगितलं असतं तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतं." शिंपीदादा, मी आयुष्यात बऱ्याच लोकांना वाकून नमस्कार केलाय, बहुतेक वेळा काही तरी हवं होतं म्हणून. या बाईला मी काहीही नको असताना केला.

एका सकाळी त्या ताईच्या घरी आल्या. दोन तास स्वयंपाकघरात. प्रत्येक पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. पाव बाजूला काढला. दाजी म्हणाले, "पाव कुठे खारट लागतो?" बाई म्हणाल्या, "लागत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही." चीज काढलं. अपचनाच्या त्या पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या काढल्या. त्यांतही सोडियम असतं, हे मला तर माहीतच नव्हतं. मग दाजींनी कपाटामागे लपवलेला एक डबा निघाला, दुकानदारानं 'हार्टवाल्यांचं हलकं मीठ' म्हणून गळ्यात मारलेला. तो मात्र बाईंनी सरळ आपल्या पिशवीत टाकला. "तुमच्या गोळ्यांबरोबर हे चालत नाही. रक्तात पोटॅशियम वाढेल. मला विचारल्याशिवाय मिठाऐवजी असलं काही आणायचं नाही."

मग सगळं एका कागदावर मांडलं. बेरीज केली. पुन्हा केली. आणि म्हणाल्या, "एवढ्यानं एवढं पाणी चढत नाही."

ताई ओट्याला टेकून उभी होती. बाईंनी चष्मा काढला आणि तिला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या हातून मीठ जात नाहीये. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

ताई तिथंच खाली बसली आणि रडली. तीन महिन्यांचं सगळं एकदम. दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्यांची वाळत घातलेली चादर होती.

मग बाई दाजींकडे वळल्या. "कँटीनमध्ये काय खाता?"

"घरचा डबा."

"आणि तिथलं?"

"एक घास नाही. शपथ घेऊ का?"

आणि दाजी खोटं बोलत नव्हते बरं का. आमच्या घरात ते खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

बाई म्हणाल्या, "उद्या मी तुमच्याकडे कामाला येते."

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला त्या कँटीनमध्ये हजर. डोक्याला टोपी घातली, मोठ्या पातेल्याशेजारी स्टूल ओढलं, आणि मला म्हणाल्या, "एक रिकामी बाटली द्या." बाटल्यांच्या कारखान्यात बाटलीला काय तोटा! मान वाकडी झालेल्या बाटल्यांचा ढीग मागेच पडलेला असायचा. एक लिटरची आणून दिली.

सव्वासातला दाजींनी पातेल्यात पळी बुडवली, त्यातलं चमच्यात घेतलं, फुंकलं, चाखलं. बाईंनी तसलाच चमचा उचलला, तेवढंच सूप घेतलं आणि बाटलीत ओतलं.

"हे काय?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही तुमचं काम करा."

दाजींनी मीठ टाकलं. चाखलं. बाटलीत एक चमचा. पुन्हा टाकलं, पुन्हा चाखलं, पुन्हा एक चमचा. दुसरं पातेलं चढलं, तिसरं चढलं. सूप आटलं म्हणून चाखलं, पाणी घातलं म्हणून चाखलं. बटाटे नवीन पोत्यातले म्हणून चाखलं. पहिली पाळी जेवून गेली म्हणून चाखलं, दुसरी यायची आहे म्हणून चाखलं. एकदा नुसतंच चाखलं, सवय म्हणून. एकदा तर रागानं चाखलं, "टक लावून बघतात काय या!" असं पुटपुटत. प्रत्येक वेळी बाटलीत टुपुक.

तिसरी पाळी उठली तेव्हा ती बाटली गळ्यापर्यंत भरून दुसरी सुरू झाली होती. बाईंनी दोन्ही टेबलावर ठेवल्या. सगळं कँटीन गोळा झालं.

"दाजी," त्या म्हणाल्या (त्यासुद्धा तोवर दाजीच म्हणायला लागल्या होत्या), "हे आज तुम्ही प्यायलात."

"हे?" दाजी हसले. "हे चाखलेलं आहे. आचारी चाखलेलं मोजत नाहीत."

"पोटाला काय सांगून पाठवलंत? चाखतोय म्हणून?"

कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण दाजींचं तोंड बघून मी ते गिळलं.

मग बाईंनी ते सगळं सूप एका पातेल्यात ओतून भट्टीवर आटवलं. आटत आटत तळाला उरलं नुसतं पांढरंशुभ्र मीठ, ढीगभर...

"सूप आटवलं तर नुसतं मीठ कसं उरेल?" शिंप्याची लेक म्हणाली. "बटाट्याचा गाळ उरेल की."

"तुमची लेक शिकलेली दिसते," मी शिंप्याला म्हटलं.

"बारावीला आहे. ही होती का ती थाप?"

"हो, ही होती. बरं, आटवलं नाही." बाईंनी सकाळपासून किती मीठ पातेल्यांत पडलं ते काट्यावर मोजून लिहून ठेवलं होतं. त्यावरून बाटल्यांमध्ये किती आलं ते काढलं आणि तेवढं कोरडं मीठ ताटलीत घालून दाजींसमोर ठेवलं. दोन चमचे, वर टेकाड. त्याच्या शेजारी दुसरी ताटली ठेवली, तिच्यात पाऊण चमचा. "ही तुमची दिवसभराची परवानगी. पाव, भाजी, औषध, सगळं धरून."

दाजी बटाट्याच्या पोत्यावर बसले. एकदा या ताटलीकडे, एकदा त्या ताटलीकडे बघितलं. ते चिडतील, पळी आपटतील असं मला वाटलं होतं. हळूच एवढंच म्हणाले, "आणि मी तिला बोलत होतो."

आता शिंपीदादा, गोष्ट इथं संपली असं वाटेल. पण खरी अडचण इथून पुढे. मीठ कुठून जातंय ते सापडलं. बंद कसं करणार?

बाई म्हणाल्या, "चाखा, आणि चूळ भरून थुंका." दाजींनी वर पाहिलं. "सहाशे माणसांच्या अन्नासमोर उभा राहून थुंकू? त्यापेक्षा पाचव्यांदा ॲडमिट होतो." दुसरी कोणी असती तर वाद घालत बसली असती. बाईंनी मान हलवली आणि तो उपाय तिथंच सोडून दिला. पुन्हा कधी काढला नाही. माणसाला काय करता येणार नाही हे ओळखायलाही अक्कल लागते.

मग मॅनेजर आला. म्हणाला, "दाजी, तुम्हाला गेटवर बसवतो. कूपनं फाडा, आराम करा." दाजींचा चेहरा बघायला हवा होता. "गेटवर बसवाल तर महिनाभरात मरेन. आणि तेही मिठाचा कण न खाता!" माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा दोनच दाजी उभे राहिले: एक पळी घेऊन मरणारे आणि एक पळीशिवाय मरणारे. तिसरा काही दिसेना.

"वजन करून मीठ घाला," बाई म्हणाल्या.

"बटाटा रोज वेगळा, आच रोज वेगळी. काट्याला काय कळतंय?"

"शंभरातलं नव्वद कळतं. उरलेल्या दहासाठी जीभ लागते, हे मला मान्य आहे. पण ती तुमचीच कशाला हवी? मीठ काट्यावर मोजा. शेवटी पातेल्यामागे एकदा चाखायचं, तेही दुसऱ्यानं. दिवसातून पाच-सहा चमचे, निरोगी माणसाला काही होत नाही. बोट तुमचं, जीभ त्याची. विश्वास कोणाच्या जिभेवर आहे, ते तुम्ही सांगा."

सगळं कँटीन भोवती उभं. कांदा चिरणारा, भांडी घासणारे, सोलणाऱ्या बायका. दाजींनी एकेकाकडे पाहिलं. तीस वर्षं या माणसानं कोणाच्या शब्दावर मीठ टाकलं नव्हतं. आणि मग त्यांची नजर येऊन थांबली...

मी इथं थांबलो. इथं थांबावंच लागतं.

"कोणावर?" शिंपी पुढे झुकला. कागदाची घडी त्याच्या हातात आपोआप उलगडली होती.

"माझ्यावर."

"तुमच्यावर!" शिंपी मागे टेकला. "अहो, तुम्ही सकाळ झाली म्हणालात तर मी आधी खिडकी उघडून बघेन."

"दाजीही हेच म्हणाले. पण बाई म्हणाल्या, थापाड्याची जीभ रोज वापरात असते, गंजलेली नसते."

तर दुसऱ्या दिवशी स्टुलावर मी. दाजींनी मीठ काट्यावर मोजून घातलं, तेही असं तोंड करून, जणू कोणी त्यांना स्वतःच्याच घरात चप्पल काढायला सांगितलंय. मग चमचा माझ्यापुढे धरला. मी घेतलं. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते, भुवयांकडे, गळ्याकडे. ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघतात तसे.

"कमी आहे," मी म्हटलं.

त्यांनी दोन बोटांत घेऊन सोडलं. "आता?"

"अजून अर्धं."

"अर्धं म्हणजे?"

"अर्धं म्हणजे तुमच्या अंगठ्याला चिकटलंय तेवढं."

त्यांनी अंगठा झटकला. मी चाखलं. मान डोलावली. झाकण पडलं.

पहिली पाळी आली. सगळ्यात पुढे भट्टीवरचा तो धिप्पाड गडी, वाडगा आपटण्यात एक नंबर. त्यानं एक घोट घेतला. थांबला. दाजी दाराआडून बघत होते, हात छातीवर. गड्यानं वाडगा उचलला, तोंडाला लावला, रिकामा केला, आणि एक शब्द न बोलता पुन्हा पुढे केला. दाजींनी श्वास सोडला तो मला गरम वाफेसारखा मानेवर लागला.

त्या दिवसापासून दाजींच्या पोटात कँटीनमधला एक चमचाही गेला नाही. रोज सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सिस्टरना फोन, असं ठरलं होतं. फोन करायची वेळ आली नाही. तिनाच्या दोन उशा झाल्या, दोनाची एक. चपलेचे पट्टे आवळले. आणि सहाव्या आठवड्यात एक दिवस ताईनं उकडलेला बटाटा दिला, वर नुसती मिरपूड. दाजींनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. ताई घाबरली. ते म्हणाले, "अगं, बटाटा गोड असतो! तीस वर्षं पोत्यांनी शिजवले, कधी कळलंच नाही."

 शिंप्यानं कागद मांडीवर सरळ केला, तळव्यानं इस्त्री केल्यासारखा दाबला, आणि पहिली ओळ वाचायला लागला.

"पण दाजींनी तुम्हालाच का निवडलं?" लेकीनं विचारलं. ती पोरगी काही सोडत नव्हती. "खरं सांगा."

खरं विचारलं की मला चेव चढतो. "ते त्यांनी स्वतः सांगितलं ना," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी, सगळे जेवून गेल्यावर. मी स्टुलावरच बसलो होतो. ते आले, समोर पोत्यावर बसले, आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. दाजी कोणाचे हात धरणारे नव्हेत हं. म्हणाले, 'तीन महिने मी या हातांना नावं ठेवली. सगळ्या जगानं यांच्याकडेच बोट दाखवलं. तू एक शब्द उलट बोलला नाहीस, माझ्यासमोर बसून आळणी गिळत राहिलास. आता माझी जीभ तुझ्याकडे. तू म्हणशील तेवढंच मीठ.'"

मी स्वतःचेच डोळे बाहीनं पुसले. शिंप्यानं रुमाल काढला.

लेकीनं मात्र कपाळाला आठी घातली. "पण काका, बोट तर ताईंकडे दाखवलं होतं ना? तुम्ही कधी आळणी जेवलात?"

"तसं बघायला गेलं तर मी सुद्धा..."

"खोटं!"

वजनाच्या खोलीचं दार उघडं होतं. दारात गोळ्यांची पिशवी घेऊन ताई उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. तिच्या मागे आत दाजी एका पायावर तोल सांभाळत चप्पल घालत होते.

"धादांत खोटं, थापाड्या! त्या दिवशी दाढ दुखते म्हणून तू घरी पांघरूण घेऊन पडला होतास. स्टुलावर मी बसले होते. 'कमी आहे' मी म्हटलं होतं. आजही चाखते ती मीच. आणि ते जे बोलले ते मला बोलले, मला! बाकी हवं ते ढापत जा, तेवढं ढापायचं नाही. ऊठ आता. वजन एक किलोही वाढलेलं नाही, आणि आम्हाला दुसऱ्या पाळीचं सूप चढवायचंय."